मी आभार मानले नाहीत

"आमचं झालंय, काकू."

रांगेतला पहिला मुलगा हात जोडून म्हणाला. त्याच्या मागच्यानंही हात जोडले. "आमचं झालंय." मग तिसरी. मग तिच्या मागचा. सगळे तसेच, तेवढ्याच गोड आवाजात. सकाळीच आमच्या मॅडमनी, शिबिराचा मुक्काम होता त्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर, आमच्याकडून हे घोकून घेतलं होतं. "बौद्धपुऱ्यात कुणी काही खायला-प्यायला दिलं तर तोंड वाकडं करायचं नाही. हात जोडायचे. हसायचं. आमचं झालंय म्हणायचं. आपण सेवा करायला आलोय, कुणाला दुखवायला नाही."

समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली बाई माझी माय होती.

तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. कपबश्या विहाराच्या मंडळाकडून मागून आणल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस होते, तरी त्या दिवशी ती वावरात गेली नव्हती. प्रत्येकापुढे ट्रे धरायची, तो हात जोडायचा, ती पुढे सरकायची. चेहऱ्यावरचं हसू तसंच. पण कप बश्यांवर वाजत होते.

"घ्या ना बापू, थोडकसा. अद्रक टाकली हाय."

"आमचं झालंय, काकू."

मी रांगेच्या शेवटी होते. मी शाळेची पंतप्रधान. कुणी मागं राहू नये म्हणून पंतप्रधानानं शेवटी चालायचं, असा आमच्या शिबिराचा नियम होता. छातीवर पितळी बिल्ला. रस्ता झाडायचा म्हणून हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. माझ्याच घरासमोर, माझ्याच गल्लीत, मी मास्क लावून उभी होते.

हा चहा मॅडमनीच मागितला होता. ते आधी सांगते.

आमची शाळा अकोल्यातली. तिथं मंत्रिमंडळ असतं. आरोग्यमंत्री पोरांची नखं तपासतो, क्रीडामंत्री चेंडू मोजून आत ठेवतो, सगळ्यांच्या वर पंतप्रधान. नववीतून निवडतात. पोरं शाळेच्या एकाच मोबाइलवर, मतदान यंत्रासारखं बटण दाबून, मत देतात आणि मॅडम त्याआधी वर्गावर्गांत जाऊन सांगतात, "ज्याची भाषा शुद्ध, ज्याच्यावर चांगले संस्कार, त्यालाच मत द्या." म्हणजे कुणाला, ते पहिलीच्या पोरालाही कळावं. कधी डॉक्टरांचा मुलगा, कधी शिकवणी वर्गवाल्यांची मुलगी. माझ्या वर्षी शर्वरी होती. वडील वकील. भाषा इतकी शुद्ध की शिवीसुद्धा पुस्तकातून देईल.

मी जुन्या शहरात मामाकडे राहायची. मामा रिक्षा चालवतो. मोर्णा नदीच्या पुलावरून सायकलनं शाळेत यायची. मधल्या सुट्टीत दहावीतले टगे पाचवी-सहावीच्या पोरांना नळावर येऊ द्यायचे नाहीत, म्हणून मी रोज तिथं उभी राहायची. रांग लावायची. कुणी घुसला तर कॉलर धरायची. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याला सेवा म्हणतात हेही माहीत नव्हतं. त्या बारक्या पोरांनी मला मतं दिली. निकाल लागला तेव्हा मॅडमनी आधी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करायला लावला. निकाल तोच. "लोकशाही आहे बाबा," त्या म्हणाल्या. तोंड कारलं चावल्यासारखं.

पण दोन दिवसांत त्यांचं तोंड गोड झालं. कारण माझं आडनाव.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणतात, तेल्हारा तालुक्यातल्या माझ्याच गावचे. गावाजवळची अर्धी काळी जमीन त्यांची. त्यांचं आणि माझं आडनाव एकच. वऱ्हाडात असं असतं. तेच आडनाव वाड्यावरही असतं, तेच बौद्धपुऱ्यातही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच, "कोनते?" मॅडम नोकरीसाठी बाहेरून आलेल्या. त्यांना वाटलं, आडनाव एक म्हणजे घर एक.

"साहेबांच्या नात्यातली का गं तू?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"लांबची असशील. असू दे, असू दे. मोठ्या घरची मुलं अशीच असतात, सांगत नाहीत."

मग शिबिराचं ठरलं. श्रमसंस्कार शिबिर, साहेबांच्या गावी, थंडीत. मी म्हटलं, "मॅडम, ते माझं गाव आहे." त्या म्हणाल्या, "अगं मग एक दिवस सगळ्यांचा चहा तुझ्या घरी! आईला सांगून ठेव." मी सांगू लागले की मॅडम, वाडा नाही, आम्ही पुऱ्यात राहतो. त्यांचा फोन वाजला आणि त्या गेल्या. मी त्याच संध्याकाळी मामाच्या मोबाइलवरून मायला फोन केला. ती घाबरली आणि लगेच खूशही झाली.

"कपबश्या कुठून आनू व इतक्या?" एवढंच तिनं विचारलं.

तर तोच हा चहा.

माय माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, आता ती नावानं हाक मारेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. रांग पाहिली, मोजे पाहिले, मास्क पाहिला. सगळं एका नजरेत ओळखलं. आणि ट्रे माझ्यापुढे धरून म्हणाली, "घ्या ना, बाई."

घ्या ना, बाई. मला. पोटच्या पोरीला परक्यासारखं अहो-जाहो. माझी लाज झाकावी म्हणून. मी तिची कुणी नाही असं ती सगळ्यांसमोर दाखवत होती आणि त्यातही हसत होती.

मला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता. मायचा नाही. त्या गोड आवाजांचा.

मी मास्क काढला. मोजे काढून खाली टाकले. कप उचलला. "दे, माय," म्हटलं आणि प्यायले. चटका बसला. तरी सगळा प्यायले.

मॅडम वळल्या. "अगं! आपलं ठरलं होतं ना?"

"मॅडम, ही माझी माय. चहा तुम्हीच मागितला होता."

मॅडमनी मायकडे पाहिलं. टिनाच्या घराकडे पाहिलं. दारावरच्या निळ्या झेंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आडनावाचा हिशोब त्यांच्या डोक्यात तिथल्या तिथे सुटला, मला दिसला तो सुटताना. सगळी मुलं बघत होती म्हणून त्यांनी एक कप उचलला. तोंडाजवळ नेला. ओठाला लावला नाही. परत ट्रेमध्ये ठेवला.

"मला अ‍ॅसिडिटी आहे हो, ताई."

"राहू द्या, मॅडम," माय म्हणाली. "गरम बी लय हाय तो."

पुन्हा झाकलं. दुसऱ्याची लाजसुद्धा तिनंच झाकायची. उरलेला चहा पुऱ्यातल्या पोरांनी संपवला. माझ्या शाळेच्या मुलांनी रस्ता झाडला. तो रस्ता सकाळीच आमच्या बायकांनी झाडला होता, पाहुणे येणार म्हणून शेणाचा सडाही घातला होता. झाडायला काही निघेना, तेव्हा सोबत आलेल्या सरांनी फोटोसाठी एका कोपऱ्यात पाला गोळा करून पसरायला लावला. मग तो झाडला.

त्यानंतर विहारासमोर पथनाट्य. विषय स्वच्छता. शर्वरीनं डोक्यावर पदर घेतला होता, गालाला कोळसा फासला होता. ती झाली होती गावाकडची अडाणी बाई. "मी काहून आंघोळ करू? मले का लगीन लागून राहिलं?" मुलं खो खो हसली. एरवी शुद्ध बोलणारी शर्वरी घाणेरडी बाई व्हायचं म्हटल्यावर माझ्या मायची भाषा बोलत होती. नाटकाच्या शेवटी ती बाई सुधारते. सुधारली की तिची भाषाही शुद्ध होते. आमच्या बायका पाहुण्यांचा मान म्हणून हसत होत्या. लेकी बोले सुने लागे, हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. सगळं कळत होतं.

संध्याकाळी साहेब आले. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली होती. मॅडमनी सगळं आधीच त्यांच्या कानावर घातलेलं. मला बोलावलं.

"कोनाची व तू?"

मी मायचं नाव सांगितलं.

"हां. येते थे आपल्या वावरात वेचायले. हात चालते तिचा." ते मॅडमकडे वळले. "पाहा, मॅडम. कुठं होती, कुठं आनली आपल्या शाळेनं. ह्याले म्हनते शिक्षन." मग मला, "भाग्य हाय तुयं, पोरी. उद्या समारोपाले आभारप्रदर्शन तूच करजो. पंतप्रधान हायेस ना? पन नुसतं शाळेकडून नोको. पुऱ्याकडून बी मान आभार. मायलेही स्टेजवर घेऊ, शाल देऊ तिले. पेपरवाले येऊन राहिले."

ते रागानं बोलले नाहीत. प्रेमानं बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो आणि आजही डोकं झटकावंसं वाटतं. मतं मला पोरांनी दिली होती. नळावर मी उभी राहिले होते. आणि एका वाक्यात तो माणूस माझं सगळं स्वतःच्या नावावर करून मोकळा झाला.

मॅडमनी मला बाजूला घेऊन मुद्दे दिले. वस्तीला स्वच्छतेची सवय लावल्याबद्दल. मुलींना शिक्षणाचा मार्ग दाखवल्याबद्दल. "आणि बोलताना 'आम्ही' म्हण. 'आम्हाला तुम्ही दिशा दिली.' आता तू त्यांचीच आहेस ना." कालपर्यंत मी मोठ्या घरची होते.

"आणि नाही बोलले तर?"

"तर हे पद तुला झेपत नाही असं समजावं लागेल. शर्वरी आहेच तयार."

रात्रीच्या जेवणाला मी गेले नाही. सकाळी उजाडताच घरी गेले. माय चुलीपुढे बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"बोलून टाक ना व," ती म्हणाली. "दोन शब्द तं हायेत. मले त्यायच्याच वावरात जा लागते."

"आन शाल?"

"शाल कायले देऊन राहिले बाप्पा मले? शाल पांघरून कापूस वेचू काय?"

आम्ही दोघी हसलो. मग ती भाकरी थापत राहिली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काल तुले बाई म्हनलं मी. बरं नाही वाटलं."

त्यानंतर मला काही ठरवायला उरलं नाही.

समारोप ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात. स्टेजवर साहेब, मुख्याध्यापक, मॅडम, दोन-चार गावपुढारी. खाली सतरंजीवर आमची मुलं आणि कडेला पुऱ्यातल्या बायका. मायला अगदी पुढं बसवलेलं, नाव पुकारलं की पटकन उठता यावं म्हणून. साहेबांनी सेवेवर भाषण केलं. सेवा करणारा लहान होत नाही, असं म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं किती सोपं असतं! मग शर्वरी माइकवर आली. "कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करते आपल्या शाळेच्या पंतप्रधानांना."

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम आभारांशिवाय संपत नाही. लोक उठायला लागलेले असतात, चपला शोधत असतात, तरी कुणीतरी माइकवर मंडपवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे आभार मानतंच. ते कुणी ऐकत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं.

मी म्हटलं, "मी शाळेची पंतप्रधान आहे. मी याच गावच्या बौद्धपुऱ्यातली आहे. मला दोन्हींकडून आभार मानायला सांगितलंय. मी मानणार नाही."

मॅडम अर्ध्या उठल्या.

"काल आमची शाळा आमच्या पुऱ्यात आली. झाडलेला रस्ता झाडला. माझ्या मायनं सगळ्यांसाठी चहा केला. मागितला होता म्हणून केला. कुणी प्यायलं नाही. न पिण्याची तालीम सकाळीच झाली होती. ज्याला आमचा चहा चालत नाही, त्याची सेवा आम्हाला चालत नाही."

माइक बंद झाला. सरांनी वायर उपसली असावी. माझा आवाज मोठा आहे, मला माइक लागत नाही.

"आन नाटकात ज्या बाईले तुमी हसले, थे माही माय बोलते तसं बोलत होती. मीबी तसंच बोलतो. त्यात घान काही नाही. संपलं माझं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुऱ्यातली एक म्हातारी उठली, पदर झटकला आणि चालू लागली. तिच्यामागं बाकीच्या बायका. मायही उठली. शाल टेबलावर घडी घातलेली तशीच राहिली. साहेब हसत होते, पण ते हसू बघून मला पहिल्यांदा कळलं की माणूस हसताना भिऊही शकतो.

पुढचं गोड नाही. साहेबांच्या वावरात मायला त्या हंगामात बोलावलं नाही, त्यानंतरही नाही. ती टेम्पोत कोंबून दुसऱ्या गावी जायला लागली, पहाटे अंधारात. ती माझ्यावर चिडली. "काहून बोलली व इतकं? अर्धं बोलली असती तं भागलं असतं." अजूनही कधी कधी चिडते. तिचा राग खरा आहे, मी त्याला उत्तर देत नाही. किंमत तिनं दिली आणि नाव माझं झालं, हे मला माहीत आहे. पण तिनं एकदाही असं म्हटलं नाही की जा, माफी माग.

माफीचं शाळेनं म्हटलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मामाला बोलावलं. मामा खाकी शर्टातच आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही. मी खुर्ची ओढून त्याच्यामागं ठेवली.

"सायेब, पोरगी हाय. समज नाही तिले," मामा म्हणाला.

"समज आहे," मी म्हटलं.

मुख्याध्यापक शांत माणूस. ओरडले नाहीत. "बाळ, तू राजीनामा दे. विषय इथंच संपवू. अभ्यासासाठी वेळ हवा असं कारण दे. तुझंही नाव राहील, शाळेचंही."

"सर, मला मुलांनी निवडलंय. राजीनामा मी देणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर काढा. प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांसमोर, कारण सांगून."

कारण काय सांगणार? पंतप्रधान स्वतःच्या आईच्या हातचा चहा प्यायली, हे? मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मामानं माझ्याकडे पाहिलं आणि मग खुर्चीत नीट टेकून बसला.

त्यांनी मला काढलं नाही. काम देणं बंद केलं. सव्वीस जानेवारीला संचलनाचा हुकूम शर्वरीनं दिला, पाहुण्यांचं स्वागत शर्वरीनं केलं. मी रोज बिल्ला लावून आले आणि रोज मधल्या सुट्टीत नळावर उभी राहिले. बारकी पोरं मला ऐटीत "पंतप्रधान ताई" म्हणायची. पुढच्या वर्षीपासून शाळेनं मतदानच बंद केलं. मंत्री आता मॅडम नेमतात. लोकशाही एकदा खरी निघाली आणि त्यांना परवडली नाही.

आता मी अमरावतीला आहे. बारावी. मुलींच्या वसतिगृहात राहते, राजापेठेत शिकवणीला जाते. इथल्या कॉलेजातही तेच. विद्यार्थी प्रतिनिधी आणि सेवा पथकाचा प्रमुख 'नेमतात'. गुण पाहून म्हणे. नेमलेल्यांची नावं वाचली की अमरावतीतल्या डॉक्टर-वकिलांच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. पथकाचं पुढचं शिबिर कुठल्यातरी वस्तीत आहे, ती निवडताना त्या वस्तीतल्या कुणालाही विचारलेलं नाही. मी गेल्या आठवड्यापासून वर्गावर्गांत जाते. सर आत यायच्या आधी फळ्यासमोर उभी राहते आणि एकच म्हणते, निवडणूक मागा, आणि वस्तीनं बोलावल्याशिवाय शिबिराला जाऊ नका. काही हसतात. काहींनी हात वर करायला सुरुवात केली आहे.

काल पथकाच्या सरांनी मला दारातच अडवलं. वर्ग भरलेला होता, सगळे ऐकत होते.

"कशाला एवढी धडपड? पंतप्रधान व्हायचंय का तुला?"

"झाले होते, सर," मी म्हटलं. "खाली उतरवायची हिंमत कुणाची झाली नाही. आता इथं होनार हावो."

आणि त्यांच्या बाजूनं आत जाऊन मी फळ्यासमोर उभी राहिले.